घोडीवरचं हाड

९ जानेवारी

दाजी,

पत्राच्या माथ्यावर काय लिहायचं ते शाळेत गुरुजींनी घोकून घेतलं होतं. ते सगळं लिहिलं आणि खोडलं. हा दुसरा कागद. फोन तुम्ही घेत नाही. ताई घेते आणि ‘ते झोपलेत’ म्हणते. सकाळी अकरालाही झोपलेत आणि संध्याकाळी पाचलाही. तेव्हा पत्रच बरं. त्याला कुणी झोपलेत म्हणून परत पाठवत नाही.

तुम्ही दोघं माझ्या भाचीकडे राहायला गेलात त्याला तीन महिने झाले. इकडचं सांगतो. हॉटेलात आपल्या कोपऱ्यात, जिन्याखाली, मॅनेजरने कुंडी आणून ठेवली आहे. मोठ्या पानांचं झाड आहे, पण खोटं. मी पानाला हात लावून बघितला. तुमचं स्टूल तिथंच आहे, त्यावर मेनूकार्डांची थप्पी असते. अकरा वर्षं दर शनिवारी सहा ते आठ आपण तिथं वाजवलं. मॅनेजर भला माणूस आहे, तुमची चौकशी करतो. दुसरा गिटारवाला बघ म्हणतो. मी बघतो म्हणतो आणि बघत नाही.

माझं लिफ्टचं काम चालू आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिने चढावेच लागतात. लिफ्ट बंद पडली की लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जिन्यानेच जावं लागतं, हा तुमचाच विनोद.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुम्ही म्हणाला होतात, एकदा वाचनालयाच्या हॉलमधला कार्यक्रम पार पडू दे, मग डॉक्टरला हात दाखवतो. कार्यक्रम सप्टेंबरात झाला. तुम्ही दाखवला नाहीत, हे ताईच्या बोलण्यावरून कळतं. दाजी, हात दाखवा. आणि परत वाजवा. मला दुसरं काही नको.

कार्यक्रमाच्या त्या रविवारी सकाळी मी जे केलं ते झाकण्यासाठी केलं. तुमची तार खरखरली, मग दुसरी खरखरली, तुम्ही थबकलात, आणि लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी पुढे झालो. गाण्याची चाल मीच बासवर वाजवायला लागलो. आवाज वाढवला, हेही खरं. तुम्ही गिटार मांडीवर आडवी ठेवलीत आणि शेवटपर्यंत माझ्याकडे बघत बसलात. मग मागच्या खोलीत म्हणालात, “तुला माझी गरज उरली नाही, मेहुणे.” त्यानंतर आपण बोललेलो नाही.

तार खरखरली म्हणजे हात गेला, असं नसतं. हे मी खात्रीने सांगतो. खात्री कशी, ते विचारू नका. डॉक्टरकडे जा.

तुमचाच,
लिफ्टवाला


३१ जानेवारी

दाजी,

उत्तर आलं नाही. ताई म्हणाली, पत्र रेडिओखाली ठेवलंय, फोडलेलं आहे. फोडलंय एवढं कळलं, तेही पुष्कळ.

सात मजली इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत बसून लिहितोय. ग्रीसचे डाग पडले तर रागावू नका. इथून खाली बघितलं की लिफ्टच्या पलीकडे, भिंतीलगत, लोखंडाच्या पट्ट्यांची चळत वरखाली जाताना दिसते. लोकांना वाटतं मोटर लिफ्ट ओढते. मोटर फार थोडं ओढते. खरं काम ते पलीकडचं वजन करतं. लिफ्ट वर निघाली की ते मुकाट्याने खाली येतं, आणि आतला माणूस आरशात बघून केस नीट करत असतो.

बास म्हणजे काय ते तुम्ही मला यावरूनच समजावलं होतंत.

मी एकोणीस वर्षांचा, गावाहून आलेलो, तुमच्या स्वयंपाकघरात पथारी टाकून झोपणारा. तुमचा ड्रमवाला दुसऱ्या देशात नोकरीला गेला आणि तुम्ही कुणाकडून तरी जुना बास उचलून आणलात. मी म्हटलं, मला गाण्यातलं काही येत नाही. तुम्ही विचारलंत, मग येतं काय? मी म्हटलं, पाढे. तीसपर्यंत. तुम्ही म्हणायला लावलेत. मी सतराचा म्हटला, मग एकोणीसचा. आमचे गुरुजी टेबलावर पट्टी आपटून पाढे म्हणवून घेत. पट्टीच्या पुढे पळाला तो मार खाई, मागे राहिला तोही खाई. मी कधी खाल्ला नाही. तुम्ही माझे पाढे ऐकता ऐकता गिटार काढलीत आणि पाढ्यावर वाजवायला लागलात. सत्तावीसपर्यंत आपण दोघं गेलो. मग तुम्ही आत हाक मारलीत, “अगं, तुझा भाऊ घड्याळ आहे. इतके दिवस बोलली नाहीस ती?”

आणि ताई काय म्हणाली ते आठवतं? तेव्हा नाही, महिन्याभराने, जेव्हा मी चार तारा रोज बडवत होतो. “नावातच बास आहे, तरी हा थांबत नाही.”

दोघांनीच कसं वाजवायचं ते तुम्ही त्या स्वयंपाकघरात शिकवलंत. म्हणालात, तिसरा माणूस नाही, ताल धरणारा नाही, गाणारा नाही, म्हणजे मध्ये मोकळी जागा पुष्कळ पडणार. तिला घाबरायचं नाही, आणि भीतीपोटी ती भरायचीही नाही. पहिली मात्रा तुझी, त्यावर मी पाय ठेवणार. माझ्या गिटारच्या दोन जाड तारांना मी हात लावत नाही, ती तुझी खोली. मी एकेका सुराने चाल वाजवायला लागलो की तू दोन सूर मिळून धर, नाहीतर माझ्या खालची जमीन गेल्यासारखी वाटते. आणि सगळ्यात मोठं: “मी हरवलो तर शोधायला येऊ नको. मूळ सुरावर थांब. तोच एक सूर वाजवत राहा. मी आवाजावरून परत येतो.”

एका माणसाच्या निवृत्तीच्या समारंभात तुमची तार तुटली होती. तुम्ही शांतपणे खुर्चीत वळलात, पेटीतून नवी तार काढलीत, बसवलीत, जुळवलीत. चार मिनिटं लागली. तेवढा वेळ मी एकच सूर वाजवत उभा. मग तुम्ही बरोबर जिथं सोडलं होतं तिथून आत आलात. संपल्यावर एक आजी येऊन म्हणाल्या, मधला तो भाग फार आवडला, ज्यात काहीच होत नव्हतं. घरी पोचेपर्यंत आपण रस्त्यात थांबून थांबून हसलो.

तीस वर्षांत मी किती वेळा थांबलो असेन. त्या रविवारी नाही थांबलो.

डॉक्टरचं काय झालं ते ताईकरवी तरी कळवा.

मेहुणा


२२ फेब्रुवारी

दाजी,

काल ताईचा फोन आला, आपणहून. तुम्ही शेजारी नव्हता. तिनं सगळं सांगितलं. डाव्या हातातून दोनदा कप सुटला. शर्टाची बटणं ती लावून देते. गिटारची पेटी तुम्ही त्या दिवसापासून उघडली नाही, पलंगाखाली आहे. आणि डॉक्टरचं नाव काढलं की म्हणता, “वाजवायचंच नाही तर हात नीट करून काय करू? भाजी चिरू?”

ती हसली हे सांगताना. मग म्हणाली, “तुला ठाऊक होतं ना आधीपासून? मला का नाही सांगितलंस?”

मी तुमची शपथ मोडली, दाजी. होय म्हणालो. जूनपासून ठाऊक होतं हेही सांगितलं. तुमची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत होतं, तुम्ही मला एकट्याला दाखवलंत आणि माझ्या बासवर हात ठेवून वचन घेतलंत, की ताईला कळता कामा नये. ते वचन मी पाळलं. आता पाळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

तिला एक सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगतो. जूनपासून मी थोडा थोडा तुमच्या अंगणात यायला लागलो होतो. ज्या जागी तुमची दोन बोटं पोचणार नाहीत असं वाटे, तिथला सूर मी वरच्या पट्टीत घेऊन ठेवी. तीन गाण्यांची पट्टी मी बदलली आणि म्हटलं, मला बासवर सोपी जाते. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. मला तेव्हा वाटलं तुम्हाला फसवलं. आता वाटतं, तुम्ही बरं म्हणालात ते माझ्यासाठी.

आणखी एक. मॅनेजरने फार आग्रह केला, म्हणून जानेवारीच्या शेवटचे दोन शनिवार मी एकटाच हॉटेलात वाजवून आलो. कुंडी थोडी सरकवली. पहिल्या पत्रात शेखी मिरवली होती की बघत नाही, म्हणून हे सांगणं भाग आहे. वाईट गेलं नाही. चांगलंही नाही. लोक जेवत होते.

तुम्ही ताईला म्हणालात म्हणे, की बोटांनी आधी नुसती शंका घातली होती, त्या रविवारी तीनशे माणसांसमोर निकाल दिला. दाजी, तो निकाल नव्हता. दुखणं खरं आहे, त्याला डॉक्टर आहेत. पण त्या दिवशीची खरखर वेगळी. पेटी उघडा. वाजवू नका, नुसती गिटार बाहेर काढा आणि उजेडात घोडीपाशी बघा.

जास्त लिहवत नाही.

मेहुणा


१६ मार्च

दाजी,

मागचं पत्र टाकायला दिलं तेव्हा हिनं वाचायला मागितलं. मी दिलं. वाचून पाकिटात परत घालताना ही म्हणाली, “घोडीपाशी बघा म्हणजे काय? काय दिसणार आहे त्यांना? तुम्ही सांगणार नसाल तर तिकिटं कशाला वाया घालवता?” हिला ठाऊक आहे. सप्टेंबरात वर्तमानपत्रावर पांढरी भुकटी पडली होती, ती हिनंच झटकली होती.

आता सांगतो. एका दमात सांगतो, मध्ये थांबलो तर राहून जाईल.

कार्यक्रमाच्या आधी बुधवारी तुम्ही नेहमीसारखी गिटार माझ्याकडे तारा बदलायला दिलीत. तारा काढल्यावर, त्या जिथं अडकवतात त्या घोडीवरचं ते हाड सुटं होतं, बोटाने उचललं तरी निघतं. त्या हाडावर तारा टेकतात. ते जितकं उंच तितकी तार दांडीवरच्या धातूच्या पडद्यांपासून वर, आणि तितकी दाबायला जड. त्याआधीच्या शनिवारी तुमच्या कपाळावर घाम बघितला होता. दोन बोटांनी तार दाबताना तुम्ही दात आवळत होता. मी विचार केला, हाड जरा खाली आणलं तर तार मऊ होईल, तुमचं काम हलकं होईल. मी कानस घेतली.

तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. तुमच्या गुरूंनी हातात दिलेली गिटार, तिच्यावरचे त्यांच्या नखांचे ओरखडेसुद्धा तुम्ही पॉलिश करू दिले नाहीत. ते हाडही त्यांनीच बसवलेलं.

आधी पाव सूत, म्हणजे मिलिमीटरही नाही, एवढं घासलं. तारा लावून दाबून बघितली. मऊ झाली होती. मला चांगलं वाटलं, दाजी. आणखी चांगलं करावं वाटलं. परत तारा काढल्या आणि आणखी पाव सूत घासलं. शेवटी बारीक कागदाने पॉलिश करून ते पहिल्यासारखं चकचकीत केलं, म्हणजे कळू नये. घरात हळू वाजवून पाहिलं. आवाज स्वच्छ.

पण तुम्ही तीनशे माणसांसमोर वाजवणार होता. जोरात छेडली की तार रुंद झुलते, आणि खालच्या पडद्याला लागते. लिफ्टच्या दोराला भिंतीपासून किती जागा सोडायची हे मला झोपेतही सांगता येईल. तारेला जागा सोडायची मला आठवण राहिली नाही.

पहिल्याच खरखरीला मला कळलं. तुम्हाला वाटलं बोट नीट दाबलं गेलं नाही. तुम्ही आणखी जोर लावलात, ती आणखी खरखरली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मूळ सुरावर थांबायचं होतं. माझ्या शर्टाच्या खिशात जाड कागदाचं कार्ड होतं, कंपनीचं. त्याची पट्टी फाडून हाडाखाली सारली असती तर दहा मिनिटांत गिटार पहिल्यासारखी झाली असती. लोक थांबले असते. चार मिनिटं एक सूर ऐकणारी माणसं आपण बघितली आहेत. पण मग सांगावं लागलं असतं की हाड मी घासलं. मी आवाज वाढवला आणि पुढे गेलो.

मागच्या खोलीत तुम्ही आधी स्वतःच्या हाताकडे बघून म्हणालात, “गेला रे हात.” मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं असेल, वाईट वाटून घातली.

तुमची बोटं त्या दिवशी खोटं बोलली नाहीत. माझी बोलली. तुम्ही ज्या कारणाने वाजवणं सोडलंत ते कारणच नव्हतं.

आता तरी डॉक्टरकडे जा. माझ्यावर राग धरून जा, पण जा.

मेहुणा


२ एप्रिल

दाजी,

ताईने सांगितलं ते जसं सांगितलं तसं लिहितो. म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्ही सुधाराल.

पत्र तुम्ही दोनदा वाचलंत. पेटी काढायला लावलीत. गिटार खिडकीत धरून घोडी बाजूने पाहिलीत, हाडावरून नख फिरवलंत आणि म्हणालात, “पॉलिश चांगलं केलंय.” दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच भाचीला म्हणालात, चल, डॉक्टरकडे जाऊ.

कोपरापाशी नस दबली आहे. ऑपरेशन केलं तर पुढे पसरणार नाही. पण त्या दोन बोटांचं आणि अंगठ्याजवळचं मांस झिजलं आहे, ते परत भरणार नाही. डॉक्टर म्हणाले, नवीन वर्षाच्या सुमारास आला असता तरी बरंच वाचलं असतं. ताई हे मला लागावं म्हणून म्हणाली नाही. डॉक्टर जे बोलले ते तिनं ओळीने सांगितलं, एवढंच.

नवीन वर्षाच्या सुमारास मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं होतं. कुंडीतल्या झाडाचं वर्णन केलं होतं.

रोज सकाळी हात जोडतो तेव्हा गेले सहा महिने मी देवाकडे तुमचा हात मागत होतो. खरं सांगायची ताकद एकदाही मागितली नाही. ती मागितली असती तर त्यानं दिली असती असं मला वाटतं. ती द्यायला त्याला काही जड नव्हतं.

तुमचा निरोप मिळाला. ‘शनिवारी ये. हाड घेऊन ये.’ वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडून मी कोऱ्या हाडाचा तुकडा आणला आहे. जुन्याचं माप माझ्या वहीत आहे, घासायच्या आधीचं. मी ते लिहून ठेवलं होतं. का ते मला सांगता येत नाही. यंत्र खोलायच्या आधी माप लिहायचं, ही सवय.

येतो.


६ एप्रिल

दाजी,

परवाच तुमच्या समोर बसून आलो आणि पुन्हा लिहितो आहे. तोंडावर जे निघालं नाही ते लिहायचं आहे. पण आधी जे झालं तेही लिहितो. मला ते कागदावर असायला हवं आहे.

तुम्ही खिडकीशी बसला होता. बाहेर दोरीवर भाचीच्या घरचे कपडे वाळत होते. तुमचा डावा हात मी आधी बघितला नाही, मग बघितला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला उंचवटा होता तिथं खळगा आहे. ताई पाणी देऊन गेली. माझ्याकडे तिनं नीट बघितलं नाही, पण पाणी दोनदा आणलं.

मी तारा काढल्या, जुनं हाड काढलं, नवं बसवलं. तुम्ही सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होता. तारा चढवून जुळवल्यावर गिटार तुमच्याकडे धरली तर तुम्ही मान हलवलीत. “तू छेड. जोरात.” मी छेडली. “आणखी जोरात.” मी पाचही बोटांनी ओढावी तशी ओढली. एकही तार खरखरली नाही.

“म्हणजे तेव्हा कारण हात नव्हता,” तुम्ही म्हणालात.

“नव्हता,” मी म्हटलं.

मग गिटार घेतलीत. तीन बोटं तारांवर ठेवलीत. क्षणभर सूर लागला, आपला नेहमीचा, पहिल्या गाण्याचा. मग करंगळी घसरली, तिच्या पाठोपाठ शेजारचं बोट. तुम्ही परत ठेवलीत. परत घसरली. मांडीवरच्या फडक्याला हात पुसलात, जणू ओला होता, आणि पुन्हा ठेवलीत. चौथ्यांदा नाही ठेवली.

“आता मात्र हातच आहे,” म्हणालात. साध्या आवाजात. मी उठून जायला निघालो होतो, दाजी. तुम्हाला दिसलं असेल. तुम्ही म्हणालात, “बस. बास आणलायस ना? की नुसतं हाड पोचवायला आलास?”

मी बास काढला. छोटा स्पीकर भिंतीशी लावला. काय वाजवायचं ते मला कळेना. तुम्ही डावा हात खाली सोडून दिलात आणि उजव्याने तीन बारीक तारा मोकळ्याच छेडल्यात. काही न दाबता. टण, टण, टण. परत तेच. परत तेच. तीन सूर, त्यात बदल नाही. मी सवयीने मूळ सुरावर थांबलो, तुम्ही परत येण्याची वाट बघत.

“मी येत नाही,” तुम्ही म्हणालात. “मी इथंच आहे. आता तू चाल.”

मला कळायला वेळ लागला. तीस वर्षं जे उलट केलं ते सुलट करायचं होतं. मी खाली एक सूर उतरलो. वर तुमचे तेच तीन सूर होते, पण एकदम वेगळे वाटले, संध्याकाळ झाल्यासारखे. आणखी खाली गेलो तर त्यांच्यात ऊब आली. वर चढलो तर ते प्रश्न विचारल्यासारखे झाले. तुम्ही बोट हलवत नव्हता आणि खोलीत चार वेगळी गाणी होऊन गेली. तुम्ही डोळे मिटले होते. मी तुमच्या डाव्या हाताकडे बघत होतो. तो मांडीवर होता आणि त्याची दोन बोटं, चालणारी, नसलेल्या तारा दाबत होती.

थांबलो तेव्हा ताई दारात होती, हाताला साबण. आयुष्यभर मला ‘बास आता’ म्हणणारी ती म्हणाली, “थांबलात कशाला?” आणि आत निघून गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता. भांडी थोडीच होती.

निघताना तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. हाड का घासलंस? मी म्हटलं, तुमच्या बोटांसाठी. ते खरं होतं. मग विचारलंत, त्या दिवशी आवाज का वाढवलास? मी म्हटलं, झाकायला. तुम्ही ‘हं’ म्हणालात आणि जिन्यापर्यंत सोडायला आलात.

ते सगळं खरं नव्हतं. झाकायला सुरुवात केली हे खरं. पण चाल माझ्या हातात आल्यावर लोक माझ्याकडे बघायला लागले. पहिल्या रांगेतला एक माणूस पुढे झुकला. संपल्यावर टाळ्या झाल्या, आणि त्या मला होत्या. तीस वर्षांत बाससाठी कुणी टाळी वाजवली नव्हती, आणि वाजवावी असं मला कधी वाटलंही नव्हतं. असं मला वाटत होतं. त्या मिनिटाला ती मला गोड लागली. तुम्ही मांडीवर गिटार आडवी ठेवून बसला होता, ते मी बघत होतो, आणि तरी मी आणखी एक फेरी वाजवली. गाणं दोन फेऱ्यांत संपत होतं. मी तिसरी घेतली.

ही तिसरी फेरी मी हिलाही सांगितलेली नाही. देवाला सांगितली, त्याला ती आधीच ठाऊक होती. तुम्हालाही असेल. तुम्ही मोजून वाजवणारा माणूस, तुम्ही फेऱ्या मोजल्या नसतील असं होणार नाही. मोजल्या होत्या आणि इतके दिवस बोलला नाहीत. म्हणूनच त्या मागच्या खोलीत म्हणालात, की मला तुमची गरज उरली नाही.

माफ केलं असं तुम्ही म्हणाला नाहीत, आणि मी मागत नाही. हाडाचा तुकडा मिळतो, तो माप बघून घासता येतो. बाकीच्याचं माप माझ्याकडे नाही.

हॉटेलात मॅनेजरला सांगून आलो की शनिवारी यापुढे मी नसेन, कुंडी परत जागेवर ठेवा. शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी तिकडे येईन, ऑपरेशनच्या आधीही आणि नंतरही, तुम्ही येऊ नको म्हणेपर्यंत. तुमच्या त्या तीन मोकळ्या तारा मी घरी मनात वाजवून बघतो, आणि खाली काय काय होऊ शकतं ते शोधतो. अजून पाच जागा सापडल्या आहेत.

एक विनंती आहे. आजवर पहिली मात्रा मी देत आलो आणि तुम्ही त्यावर पाय ठेवलात. आता ती तुम्ही द्या. लगेच नाही दिलीत तरी चालेल. मी बोट तारेवर ठेवून बसेन, आणि तुमच्या आधी वाजवणार नाही.